आयडलिंगचा स्क्रू कोणी काढून घेतला

सिग्नलला गाडी उभी आहे, गिअर न्यूट्रलला आहे, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढलेला आहे, आणि तरी स्टेअरिंग थरथरते, आरशातले मागचे दृश्य हलते, इंजिन मध्येच एखादा ठोका गाळते. गॅरेजच्या बोलीत गाडी ‘आयडलिंगला मिसिंग करते’. या तक्रारीवरच्या उपायाचा इतिहास पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात बहुधा एकाच तऱ्हेने सांगितला जातो. पूर्वीचे उस्ताद नुसत्या आवाजावरून दोष ओळखत, कार्बोरेटरचा स्क्रू पाव आटा फिरवत आणि गाडी शांत होई. मग गाड्यांत कॉम्प्युटर आला, स्क्रू गेला, त्याबरोबर कानही गेला, आणि आता मेकॅनिक स्कॅनर लावतो नि तो सांगेल तो पार्ट बदलतो. ही हकीकत ऐकायला बरी वाटते आणि ती सगळीच खोटी नाही. पण तिच्यात दोन वेगळ्या कामांची गल्लत झाली आहे. इंजिन सेट करणे हे एक काम, आणि इंजिनातला दोष शोधणे हे दुसरे. पहिले काम मेकॅनिकच्या हातून गेले, हे खरे. दुसरे गेलेले नाही. आणि पहिले जे गेले ते कॉम्प्युटरने नेले नाही, धुराच्या कायद्याने नेले. कॉम्प्युटर हे त्या कायद्याचे केवळ हत्यार होते. हे तपासून पाहायला या पट्ट्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही, कारण गाड्या बनवणारे, त्यांचा धूर मोजणारे आणि त्या दुरुस्त करणारे इथे तीस-चाळीस किलोमीटरच्या आत नांदत आले आहेत.

दोष नेमका आयडलिंगलाच का उघडा पडतो, ते आधी पाहू. इंजिन साडेसातशे ते नऊशे फेऱ्यांवर नुसते फिरत असते तेव्हा ते चाकांसाठी काहीच काम करत नसते. प्रत्येक स्फोटातून मिळणारी ताकद इंजिनाचे स्वतःचे घर्षण, पाण्याचा आणि ऑइलचा पंप, अल्टरनेटर आणि चालू असलाच तर एसीचा कॉम्प्रेसर यांतच संपते. हाताशी शिल्लक काही उरत नाही. चारपैकी एका सिलिंडरने ठोका चुकवला की उरलेल्या तिघांना ती तूट झाकता येत नाही, आणि तीच गाडी हायवेवर तीन हजार फेऱ्यांवर धावताना मालकाला काही जाणवतही नाही. पेट्रोल इंजिनात आणखी एक गोष्ट घडते. थ्रॉटल जवळजवळ मिटलेला असतो, त्यामुळे इंटेक मॅनिफोल्डमध्ये हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा बराच कमी असतो. मॅनिफोल्डच्या पॅकिंगमध्ये किंवा एखाद्या व्हॅक्यूम पाइपमध्ये केसाएवढी चीर असली तरी तिथून चोरटी हवा आत ओढली जाते, आणि मुळात आत जाणारी हवाच थोडी असल्याने तेवढ्याने मिश्रण बिघडते. थ्रॉटल उघडला की त्याच चोरट्या हवेला काही किंमत राहत नाही. डिझेलला असा थ्रॉटल नसतो, पण आयडलिंगला प्रत्येक नोझलमधून जाणारे डिझेल इतके कमी असते की दोन नोझलमधला किंचित फरकही ठोक्यांत उतरतो. म्हणून आयडलिंग ही इंजिनाची सर्वांत अवघड परीक्षा आहे. (थरथर आहे पण ठोका चुकत नाही, असेही होते; तेव्हा इंजिनाचे फाउंडेशन, म्हणजे ते ज्या रबरांवर बसवलेले असते ती रबरे, बसलेली असतात आणि इंजिन बिचारे निर्दोष असते.)

आता या पट्ट्याचा भूतकाळ. पिंपरीचे पहिले मोठे सार्वजनिक औद्योगिक नाव मोटारींचे नव्हते, औषधांचे होते: हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, १९५४. मोटारी त्यामागून आल्या. फिरोदियांची बजाज टेम्पो १९५८ साली जर्मन टेम्पो कंपनीच्या सहकार्याने स्थापन झाली आणि पुढे आकुर्डीत स्थिरावली. बजाज ऑटोने पियाज्जोच्या परवान्यावर व्हेस्पा बनवायला घेतली. १९६२ मध्ये एमआयडीसी अस्तित्वात आली. साठच्या दशकाच्या मध्यावर टाटांच्या टेल्कोने पिंपरीत पाय रोवले. १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झालेले हे शहर स्कूटर, रिक्षा, मॅटॅडोर आणि ट्रक यांच्या पगारावर वाढले. यातून एक बाब निघते, जी उस्तादांच्या आख्यायिकेत हमखास सुटते. कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून शांत करायची ती पेट्रोल मोटार या पट्ट्यात बनतच नव्हती. फियाट म्हणजे पुढची पद्मिनी कुर्ल्याची, १९८३ नंतरची मारुती गुडगावची. इथले घरचे ज्ञान होते ते एका सिलिंडरच्या टू-स्ट्रोकचे आणि डिझेलचे. आयडलिंगच्या बाबतीत या दोन्हींचे वागणे पद्मिनीपेक्षा अगदी निराळे, आणि आख्यायिकेला दोन्ही गैरसोयीचे.

टू-स्ट्रोक आधी घेऊ. १९७२ ला आलेल्या चेतकसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत, आणि हाती आलेली स्कूटर आयडलिंगला कधीच एकसारखी चालत नसे. त्यात दोष नव्हता. टू-स्ट्रोक इंजिनात जळालेला वायू बाहेर ढकलायचे काम नवे मिश्रणच करते. थ्रॉटल मिटलेला असताना नवे मिश्रण इतके तोकडे येते की जुना वायू पुरता जातच नाही. अशा भेसळीच्या मिश्रणाला दर फेरीला आग लागत नाही. एक-दोन फेऱ्या फुकट जातात, आत थोडे ताजे मिश्रण साठते, मग एकदम पेटते. तो ‘टिंग... टिंग-टिंग’ असा अडखळता आवाज मूळ आराखड्यातूनच आलेला होता. स्कूटरच्या मेकॅनिकला हे ठाऊक होते, आणि म्हणून त्याने आवाजावर फार भिस्त ठेवलीच नाही. एकाच सिलिंडरची तुलना तरी कशाशी करणार? तो प्लग काढून पाही. टोक कॉफीच्या रंगाचे असेल तर ठीक, काळे नि ओले असेल तर मिश्रण किंवा ऑइल जास्त, पांढुरके असेल तर कुठून तरी फुकटची हवा शिरते आहे, क्रँकच्या ऑइल सीलपासून कार्बोरेटरच्या पॅकिंगपर्यंत कुठूनही. स्पॅको कार्बोरेटरचा जेट फुंकून साफ करणे, पॉइंटमधले अंतर पाहणे, सायलेन्सर जाळून त्यातला कार्बन काढणे, ही कामे प्लगच्या रंगाने ठरवून दिलेल्या क्रमाने होत. म्हणजे पुराव्यावरून निदान, आणि तेही डोळ्यांनी. कानाला यात फारसा मान नव्हता.

डिझेलची गोष्ट आख्यायिकेला याहून अडचणीची आहे. बजाज टेम्पोची मॅटॅडोर, टाटांची १९८६ ची ४०७, १९९४ ची सुमो, आणि ३० डिसेंबर १९९८ ला बाजारात आलेली इंडिका, जिच्यासाठी निस्सानचा ऑस्ट्रेलियातला बंद पडलेला प्लांट सुटा करून जहाजाने पुण्यात आणला गेला, या सगळ्यांनी डिझेलचा तो खडखडाट रस्त्यावरून घराच्या दारापर्यंत आणला. डिझेल आयडलिंगला थरथरू लागले की मेकॅनिक एक सोपी गोष्ट करी: इंजिन चालू ठेवून एकेका नोझलकडे जाणाऱ्या पाइपचा नट थोडा सैल करी. ज्या सिलिंडरचे डिझेल तोडल्यावर इंजिनाचा आवाज आणखी पडतो तो सिलिंडर काम करतो आहे. ज्याचे तोडूनही काही फरक पडत नाही, दोषी तोच. इथवर मेकॅनिकचे राज्य. त्यापुढे नोझल आणि पंप खोलून ‘पंप रूम’मध्ये पाठवायचे. हा स्वतंत्र धंदा होता, आजही आहे: धूळ येऊ नये म्हणून बंद खोली, टेस्ट बेंच, काचेच्या नळ्या आणि पंप बनवणाऱ्या मायको कंपनीचे तक्ते. पंप बेंचवर फिरवायचा, ठरलेल्या फेऱ्यांवर प्रत्येक नळीत किती डिझेल पडते ते मोजायचे, तक्त्याशी ताडायचे आणि पंपाला सील मारायचे. ते सील ट्रक-मालकाने किंवा मेकॅनिकने तोडू नये अशी अपेक्षा असे, आणि आयडलिंग मऊ करायला पंपाशी परस्पर खेळणाऱ्यांना पंप रूमवाला बोल लावी. डिझेलच्या आयडलिंगचा शेवटचा निवाडा यंत्राच्या आकड्यावर होत असे, तो स्कॅनर येण्याच्या कितीतरी आधीपासून. ज्या पट्ट्याने देशाला डिझेल गाड्या दिल्या, तिथे कानाचा सुवर्णकाळ शोधणे म्हणूनच थोडे धाडसाचे आहे.

राहिला पेट्रोल मोटारीचा कार्बोरेटर. त्याच्या ट्यूनिंगची जादू काय होती? दोन स्क्रू: एक थ्रॉटल किंचित उघडा ठेवणारा, ज्याने फेऱ्या वाढतात, आणि दुसरा आयडलिंगच्या मिश्रणाचा. इंजिन गरम करायचे, मिश्रणाचा स्क्रू हळूहळू फिरवत फेऱ्या सर्वांत जास्त होतील ती जागा धरायची, मग दुसऱ्या स्क्रूने फेऱ्या खाली आणायच्या, पुन्हा पहिला. हाताला सराव लागतो यात शंका नाही, आणि चांगल्या हाताने सेट केलेली पद्मिनी सिग्नलला बंद पडली की काय असे वाटावे इतकी शांत उभी राही. पण तीच गाडी पंधरा दिवसांनी परत का येई? कारण बहुतेक वेळा दोष स्क्रूच्या जागेत नसेच. थ्रॉटलचा स्पिंडल झिजून त्याच्या बाजूने हवा शिरत असे. पॉइंटला खड्डे पडलेले असत. डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट हलत असे. एखादा टॅपेट इतका टाइट झालेला असे की व्हॉल्व्ह पुरता बसत नसे. स्पिंडलमधून येणाऱ्या चोरट्या हवेने मिश्रण पातळ झाले की स्क्रू थोडा सोडून पेट्रोल वाढवायचे, म्हणजे थरथर थांबे. दोष जागच्या जागी राही, त्यावर जास्त पेट्रोलचे पांघरूण पडे, आणि मालक म्हणे की गाडी छान झाली पण ॲव्हरेज पडला. मिश्रणाचा स्क्रू हे निदानाचे साधन होते त्याहून जास्त दोष झाकण्याचे साधन होते. चांगले मेकॅनिक हे जाणून होते. ते स्क्रूला हात लावण्याआधी एकेक प्लगची वायर उपटून पाहत, मॅनिफोल्डच्या सांध्यांवर साबणाचे पाणी किंवा ऑइल टाकून आवाज बदलतो का ते बघत, सायलेन्सरच्या तोंडाशी कागद धरून तो फडफडतो की मध्येच आत ओढला जातो हे पाहत. खरी कला या क्रमात होती. स्क्रू सगळ्यात शेवटी.

कायदा आत शिरला तो नेमका इथून. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ११५ व्या नियमाने चालत्या वाहनांच्या धुरावर पहिली देशव्यापी मर्यादा घातली, आणि ती आयडलिंगच्या धुरावर घातली: पेट्रोलच्या चारचाकीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांहून जास्त नको, दुचाकी-तीनचाकीच्या धुरात ४.५ टक्क्यांहून जास्त नको. कारण व्यवहाराचे होते. उभ्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये नळी घालून मोजता येते; धावत्या गाडीचा धूर मोजायला रोलर्स बसवलेली प्रयोगशाळा लागते, जशी पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआयने, म्हणजे १९६६ साली उद्योग आणि सरकार यांनी मिळून काढलेल्या संशोधन संस्थेने, उभारली. पीयूसीच्या, म्हणजे प्रदूषण चाचणीच्या, यंत्रांची मॉडेलेसुद्धा अशाच संस्थांकडून मंजूर होऊन यायची. हा ३ टक्क्यांचा आकडा महत्त्वाचा आहे, कारण तो स्क्रूने गाठता येई. पीयूसीच्या नळीसमोर मिश्रण थोडे पातळ करायचे, चिठ्ठी घ्यायची, बाहेर पडून पुन्हा पूर्वीसारखे करायचे, हेही चाले. पण २९ एप्रिल १९९९ ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात युरो-१ आणि युरो-२ मानके लवकर लागू करायला सांगितले, २००० पासून पहिल्या पायरीची मानके देशभर आली, त्याच सुमारास शिसेविरहित पेट्रोल सगळीकडे मिळू लागले, आणि १ ऑक्टोबर २००४ पासून बीएस-२ (भारत स्टेज-२) किंवा पुढच्या चारचाकीसाठी आयडलिंगची मर्यादा ०.५ टक्क्यांवर आली. तीनवरून अर्ध्यावर. हा आकडा कुठल्याही उस्तादाला स्क्रूने गाठून टिकवता येणारा नाही. त्याला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हवा. कन्व्हर्टरला हवा आणि पेट्रोल यांचे वजनी प्रमाण १४.७ ला एक याच्या अगदी आसपास हवे. आणि ते तसे ठेवायला धुरातला ऑक्सिजन सतत मोजून इंजेक्टर कमी-जास्त करणारा कॉम्प्युटर हवा. मेकॅनिकच्या हातातला स्क्रू गेला तो या बेरजेने.

यावर आक्षेप येईल की हे उलटे सांगितले जाते आहे. तंत्र येणारच होते, कायद्याने फार तर त्याची तारीख ठरवली. जगात इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन मोठ्या प्रमाणावर आणणारी पहिली यंत्रणा, बॉशची डी-जेट्रॉनिक, १९६७ मध्ये फोक्सवॅगनच्या १६०० वर बसली. मग भारतात तशी यंत्रणा तीस वर्षांनी आली यात कायद्याचे काय मोठेपण? पण तो दाखलाच आक्षेपाच्या विरुद्ध जातो. ती यंत्रणा अमेरिकेच्या बाजारासाठी होती, आणि तिथे धुराचे नियम कडक होऊ लागले होते. त्याहून बोलका पुरावा घरचा आहे. चाकणमध्ये बजाजचा कारखाना १९९९ साली उघडला आणि २००१ मध्ये पल्सर आली. २००७ मध्ये त्याच कंपनीने पल्सर २२० इंजेक्शनसह आणली, म्हणजे तंत्र हातात होते, चालत होते, विकलेही जात होते. दोनच वर्षांत, २००९ मध्ये, तीच पल्सर २२० पुन्हा कार्बोरेटरवर आली, कमी किमतीत, आणि खूप खपली. दुचाकीच्या त्यावेळच्या मानकांना कार्बोरेटर पुरत होता, म्हणून तो परत येऊ शकला. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ लागू झाल्यावर मात्र बहुतेक मोटारसायकलींवर इंजेक्शन आले. एकाच गावातल्या एकाच गाडीने तंत्र पुढे नेले, मागे आणले आणि कायदा आल्यावर पुन्हा पुढे नेले. तंत्र स्वतःच्या जोरावर स्क्रू हटवते, असे यानंतर म्हणता येणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक मनापासूनचा आहे: कारण काहीही असो, शोधण्याची बुद्धी तर गेलीच ना? स्कॅनर लावला की दोषाचे नाव पडद्यावर येते. येते का? मिसिंग करणाऱ्या चार सिलिंडरच्या गाडीला स्कॅनर लावला आणि पी०३०३ हा कोड आला, तर त्याचा अर्थ एवढाच की तिसरा सिलिंडर ठोका चुकवतो आहे. का चुकवतो आहे ते कोड सांगत नाही. प्लग, कॉइल, इंजेक्टर, कॉम्प्रेशन, व्हॉल्व्ह, त्या सिलिंडरजवळची हवेची गळती, यांपैकी काहीही असू शकते. कोड पाहून थेट कॉइल बदलणारा मेकॅनिक वाईट आहे, आणि तो पूर्वीही वाईटच असता; तेव्हा त्याने स्क्रू फिरवला असता. चांगला काय करतो? तिसऱ्याची कॉइल काढून दुसऱ्यावर लावतो. कोड पी०३०२ झाला तर कॉइल दोषी, पी०३०३ च राहिला तर कॉइल सुटली आणि मग प्लगची पाळी. पाइपचा नट सैल करण्याची आणि प्लगची वायर उपटण्याची जी रीत होती तीच ही, फक्त उत्तर कानाऐवजी पडद्यावर येते. कॉमन रेल डिझेलमध्ये तर कॉम्प्युटर आयडलिंग सारखे ठेवायला प्रत्येक सिलिंडरला किती डिझेल कमी-जास्त देतो ते करेक्शनचे आकडे स्कॅनरवर दिसतात. ज्या सिलिंडरला सतत जास्त द्यावे लागते त्याच्याकडे बोट जाते. पंप रूममधल्या काचेच्या नळ्या जे सांगत, तेच इंजिन न खोलता. उलट नवी अडचण वेगळीच आहे, आणि ती जुन्या अडचणीची सख्खी बहीण आहे. कॉम्प्युटरही दोष झाकतो. थ्रॉटल बॉडीत काजळी साचून हवा कमी जाऊ लागली की तो थ्रॉटल आपणहून थोडा जास्त उघडतो. चोरटी हवा शिरली की पेट्रोल वाढवतो. मालकाला महिनोन् महिने काही कळत नाही आणि भरपाईची हद्द संपली की एके दिवशी गाडी सिग्नलला थरथरू लागते. मग कोणी थ्रॉटल बॉडी साफ करतो पण कॉम्प्युटरने शिकून ठेवलेली जुनी जागा रिसेट करत नाही, आणि साफ केल्यावर फेऱ्या उलट वाढतात. झाकलेला दोष उघडा करणे हेच काम तेव्हा होते आणि आजही आहे; पांघरूण मात्र आता इंजिनानेच स्वतःवर ओढलेले असते.

तरीही गॅरेजवाल्याचा सल खोटा नाही, आणि तो ज्या जागी खरा आहे ती जागा दाखवायला हवी. त्याची बुद्धी गेली नाही, त्याचा प्रवेश अडला. पद्मिनीचे सगळे इंजिन पान्याने खुलत होते. कॉम्प्युटरचे सगळे दरवाजे बाजारातल्या स्वस्त स्कॅनरने उघडत नाहीत. कोड वाचता येतो, पण ॲक्च्युएटर चालवून पाहणे, इंजेक्टरचा नंबर भरणे, थ्रॉटलची जागा शिकवणे यासाठी कंपनीचे साधन लागते. २०११ मध्ये एका ग्राहकाने याच प्रश्नावर भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली; चौकशी वाढत गेली आणि २५ ऑगस्ट २०१४ ला आयोगाने १४ मोटार कंपन्यांना २,५४४ कोटी रुपयांहून जास्त दंड सुनावून सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळतील अशी व्यवस्था करायला सांगितले. त्या चौदांत टाटा, महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज आणि जनरल मोटर्स होत्या, म्हणजे पिंपरीपासून तळेगाव-चाकणपर्यंत ज्यांच्या कारखान्यांच्या फाटकांवरून तेव्हा रोजची वाहतूक जात असे त्यांतल्या बऱ्याच. प्रकरण पुढे अपिलांत गेले. दुसरीकडे याच पट्ट्याने नवे शिक्षणही उभे केले: मर्सिडीजने पुण्याच्या शासकीय तंत्रनिकेतनात मेकॅट्रॉनिक्सचा पदविका अभ्यासक्रम सुरू केला, फोक्सवॅगनने चाकणमध्ये शिकाऊ उमेदवारांसाठी अकादमी काढली. ती चांगली आहेत. पण त्यांतून निघणारा मुलगा अधिकृत सर्व्हिस सेंटरात किंवा लाइनवर जातो. मोरवाडीच्या महापालिकेच्या आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा दाखला घेऊन, १९६१ च्या कायद्याखालची अप्रेंटिसशिप संपवून, कायम न झाल्यामुळे भोसरी किंवा चिखलीत स्वतःचे शटर उघडणाऱ्याला त्या ज्ञानाचा वाटा मिळत नाही. कारखाना आणि गॅरेज शेजारी असले की ज्ञान आपोआप भिंत ओलांडते, ही या पट्ट्याबद्दलची आवडती समजूत आहे. स्कूटरच्या काळात ते बरेचसे ओलांडत होते, कारण स्कूटरमध्ये लपवण्यासारखे काही नव्हते.

मग ज्या कायद्याने स्क्रू नेला, त्याने बदल्यात काही दिले का? दिले, आणि ते बहुतेकांच्या लक्षात आलेले नाही. पीयूसीच्या टपरीतले गॅस ॲनालायझर हे आयडलिंगच्या निदानाचे या देशात सर्वांत मुबलक उपलब्ध असलेले साधन आहे, आणि त्याला कुठल्याही कंपनीचा पासवर्ड लागत नाही. धुरात हायड्रोकार्बन भरपूर पण कार्बन मोनॉक्साइड साधारण, म्हणजे पेट्रोल जाते आहे पण जळत नाही: ठिणगी किंवा कॉम्प्रेशन पाहा. कार्बन मोनॉक्साइड जास्त, म्हणजे पेट्रोल जास्त: इंजेक्टर गळतो का, ऑक्सिजन सेन्सर मेला का, एअर फिल्टर तुंबला का. यंत्र ऑक्सिजनही मोजणारे असेल आणि तो चढलेला दिसत असेल, तर चोरट्या हवेचा संशय घ्यायचा, मात्र सायलेन्सरलाच भोक नाही ना हे आधी बघून. दोन-तीन आकड्यांत एवढे कळते. आपल्याकडे मात्र ते आकडे चिठ्ठी छापण्यापुरते निघतात; ग्राहक ते वाचत नाही, टपरीवाला समजावत नाही, गॅरेजवाला मागत नाही. याला तंत्र किंवा कायदा जबाबदार नाही, ती आपली सवय आहे. टोलनाक्याची पावती जशी खिशात जाते तशी ही चिठ्ठी ग्लव्ह बॉक्समध्ये जाते.

चाकणमध्ये आता महिंद्राच्या इलेक्ट्रिक मोटारी बनतात आणि चेतक याच नावाने विजेची स्कूटर आकुर्डीतून बाहेर पडते. या गाड्यांना आयडलिंगच नाही. उभ्या असताना मोटर थांबलेली असते. म्हणून हा सगळा प्रश्न निकालात निघाला असे म्हणणारे भेटतात. पण बीएस-४ आणि बीएस-६ च्या ज्या पेट्रोल गाड्या याच पट्ट्यातून आणि देशभरातून गेली पंधरा वर्षे निघाल्या, त्या आता वॉरंटीबाहेर पडू लागल्या आहेत, आणि जुन्या गाड्यांच्या टाक्यांत आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आहे, जे मिश्रण पातळ करते आणि जुन्या रबरांच्या सहनशक्तीची परीक्षा घेते. कॉम्प्युटर त्याची भरपाई करेल, त्याच्या हद्दीपर्यंत. त्यानंतर त्या गाड्या अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे फारशा जाणार नाहीत. त्या कुदळवाडी, भोसरी, मोशी, चाकणच्या बाजारपेठेतल्या शटरांकडे येतील, आणि तिथे कोणाला तरी तिसऱ्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर लावून पाहावी लागेल.